सुटलेली क्रँक पुली वेल्ड का करू नये : नानांच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय नाना,

क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) टोकावरची पट्टा फिरवणारी चाकी, घरी बदलण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण अमळनेरहून सविस्तर आणि परखड लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : हे काम घरी करण्याचे नाही, गॅरेजवाला एअर गनने (हवेच्या दाबावर बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) ते चुटकीसरशी करतो, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला जातो हे मोजणारा पाना) हा हौशी लोकांचा दागिना आहे, मुरलेल्या हाताला त्याची गरज नसते, आणि रबर सुटलेली पुली नवी घेण्यापेक्षा लेथवाल्याकडून तिची आतली-बाहेरची कडी वेल्ड करून घेतली की प्रश्न मिटतो. मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावर भरवसा ठेवून कोणी वेल्डिंग करून घेतले, तर नुकसान पुलीपुरते राहणार नाही.

पट्टा फिरवणे हे या पुलीचे अर्धेच काम आहे. क्रँकवर घट्ट बसणारा आतला भाग, बाहेरचे जड कडे आणि दोहोंच्या मध्ये रबराचा थर, ही रचना किंमत वाढवण्यासाठी केलेली नसते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) सेकंदाला १०० धक्के बसतात आणि प्रत्येक धक्क्यासरशी क्रँक किंचित पिळला जाऊन पुन्हा सुटतो. ठरावीक वेगाला या धक्क्यांची आणि क्रँकच्या स्वतःच्या कंपनांची लय जुळते. मग आखाजीचा झोका जसा नेमक्या क्षणी दिलेल्या हलक्या रेट्यानेही चढत जातो, तसा हा पीळ वाढत जातो. बाहेरचे कडे रबराच्या आधाराने सूक्ष्म मागेपुढे होते आणि रबर त्या कंपनांची उष्णता करून ती जिरवते. दोन्ही कडी वेल्ड केली की पट्टा फिरेल, बॅटरी चार्ज होईल, आवाजही बंद होईल. क्रँकला मात्र आधार उरणार नाही आणि काही काळाने त्याला तडा जाऊ शकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने कडे तिरके होऊन बॅलन्स बिघडतो, तो त्रास वेगळाच. जुन्या छोट्या गाड्यांना साधी ओतीव पुली असे, हे आपण दिलेले उदाहरण बरोबर आहे. पण त्या इंजिनांचा क्रँक त्याच हिशेबाने बनवलेला असतो, आणि एका गाडीचा हिशेब दुसरीला लावता येत नाही.

हे रबर आपल्याकडच्या उन्हाळ्यामुळे जाते, असेही आपण लिहिले आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे खरे; पण बॉनेटखाली इंजिनाची आच बाराही महिने असतेच. माझ्या मते उन्हापेक्षा मोठा शत्रू म्हणजे पुलीमागच्या सीलमधून पाझरणारे ऑइल. त्याने रबर फुगते, मऊ पडते आणि कडे जागेवरून घसरू लागते. याची खात्री करायला खर्च नाही : इंजिन बंद आणि थंड असताना पुलीच्या दर्शनी बाजूवर आतल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी, गाडी दोन-चार दिवस नेहमीसारखी चालवावी आणि पुन्हा पाहावे. रेघ मधोमध तुटून तिचे दोन तुकडे मागेपुढे झालेले दिसले, तर पुली गेली असे समजावे. घसरलेल्या कड्यावरची टायमिंगची (इंजिनातल्या हालचालींची वेळ जुळवण्याची) खूणही मग खोटे बोलते. नवी पुली बसवताना ते पाझरणारे सील बदलले नाही, तर नव्या रबराचीही तीच गत होईल.

आता टॉर्क पान्याविषयी. हाताच्या अंदाजाला मी कमी लेखत नाही. चाकाच्या नटाला तो बहुधा पुरतो. क्रँकच्या बोल्टचे तसे नाही. बऱ्याच इंजिनांत पुलीला जागेवर धरण्याचे खरे काम चावी (क्रँक आणि पुली यांच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) करत नाही, ती मुख्यतः पुली योग्य जागी बसावी म्हणून असते. बोल्ट ताणला जाऊन जी दाब-पकड तयार होते, तीच सगळा भार पेलते. पकड कमी पडली की पुली सूक्ष्म हलू लागते आणि चावीची खाच, पाठोपाठ क्रँकचे टोक झिजवते. एक मीटर लांब पाइपाच्या टोकाला २० किलोचा भार दिला की सुमारे १९६ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) होतो. भार ३० किलो झाला तर २९४, आणि हाताला हा फरक नेमका सांगता येत नाही. आट्यांना ऑइल लागलेले असेल, तर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. काही इंजिनांत आधी ठरावीक टॉर्क आणि त्यानंतर ठरावीक अंशांचा पीळ द्यायचा असतो, आणि असा बोल्ट अनेकदा पुन्हा वापरायचा नसतो. एअर गनला यातले काहीच कळत नाही.

बोल्टला लावलेली टॉमी (पान्याचा लांब दांडा) अडकवून ठेवून स्टार्टर मारून बोल्ट सोडवण्याची आपण सुचवलेली युक्ती जुनी आहे आणि पुष्कळदा चालतेही. परंतु टॉमी निसटली, तर हात किंवा रेडिएटर यांपैकी एक जातो. शिवाय होंडाची अनेक जुनी इंजिने उलट्या दिशेने फिरतात, तिथे या युक्तीने बोल्ट सुटण्याऐवजी आवळला जाईल.

घरी करावे की नाही, या मुद्द्यावर मात्र मी आपल्या बराच जवळ आहे. नुसत्या जॅकवर गाडी तोलून खाली शिरणाऱ्याने, किंवा पुलर (पुली ओढून काढण्याचे अवजार) नाही म्हणून बाहेरच्या कड्यावर हातोडा घालणाऱ्याने या कामाला हात लावू नये. काही इंजिनांत क्रँकवर चावीच नसते आणि टायमिंगचे चाकही याच बोल्टच्या दाबाने धरलेले असते. तिथे क्रँक व कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक न करता बोल्ट सैल केला, तर टायमिंग हलून व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात. अशा गाडीच्या मालकाने गॅरेजलाच जावे. तिथेही क्रँक व कॅम लॉक केल्याशिवाय बोल्टला हात लावू देऊ नये, आणि शेवटचा पीळ मात्र टॉर्क पान्यानेच द्यायला सांगून तो दिला जाईपर्यंत शेजारी उभे राहावे.