चौदा लाखांची एफसी आणि टोलेडोचा भाव

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीजवळच्या एका गावात कुणीतरी महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप चकाचक करून चौदा लाखांना विकायला काढली आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नाही. मोठे काका म्हणतात, "चौदा लाखात नवी बोलेरो पिकअप येते, आन् वरून बैलजोडीचे पैसे उरते. त्याले काय सोन्याचा मुलामा देल्ला का?" पुतण्या अमेरिकेतल्या जाहिरातींचे फोटो टाकतो: हीच गाडी, नाव विलीज, मागणी चाळीस हजार डॉलर. म्हणजे चौदा लाख तर फुकटच! मग दोघंही माझ्याकडे वळतात, कारण मी राहते ओहायोत, टोलेडोच्या बाजूला, आणि ही गाडी मूळची टोलेडोचीच.

विलीज या जीप बनवणाऱ्या कंपनीने ती १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली. पुढे नाक नाही, तोंड चपटं, ड्रायव्हर थेट चाकावर बसल्यासारखा. अमेरिकेत तिला गिऱ्हाईक बेताचंच मिळालं आणि साठच्या दशकाच्या मध्यावर ती बंद झाली. त्याच सुमारास महिंद्राने तिचं उत्पादन भारतात सुरू केलं आणि पुढे बरीच वर्षं चालू ठेवलं. अमेरिकेत ती दुर्मीळ आहे कारण बनलीच कमी. आपल्याकडे दुर्मीळ आहे कारण राबवून राबवून संपवली.

काकांचा मुद्दा मी बाजूला ठेवते. कापूस जिनिंगला न्यायचा असेल तर बोलेरोच घ्यावी, यात वाद कसला?

पुतण्याचं मात्र मला पटत नाही. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. इथल्या डीलरांकडे असे ट्रक त्याच आकड्यावर महिनोन्महिने उभे असतात. मेकमसारख्या लिलावातही मालकाने मनाशी ठरवलेल्या किमतीपर्यंत बोली पोचली नाही तर ट्रक आल्या पावली परत जातो, आणि फोटोत दिसतो तो शेवटच्या बोलीचा आकडा. किती मागतात हे सगळेच सांगतात. गेला कितीला, ते विचारायचं.

शिवाय कोणत्या प्रतीचा? हॅगर्टी ही जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारी कंपनी भावाचं कोष्टक काढते, त्यात एक ते चार अशा प्रती असतात. एक नंबर म्हणजे प्रदर्शनात मांडावी अशी, चार नंबर म्हणजे चालते पण खोडी दिसतात अशी. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ग्रेडर ढिगातला पुंजका बोटांत धरून धागा ओढतो, ओलावा मोजतो, आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतो आणि बाराच्या वर गेला की घेतच नाही. कापसाला जे लावतो ते गाडीला का नाही? पुतण्याने एक नंबरचा भाव दाखवला. देवळीच्या गाडीची ग्रेड ग्रुपवर कुणी विचारलीच नाही.

मजुरीचंही तेच. इथल्या चांगल्या वर्कशॉपात मिस्त्रीचा तास शंभर डॉलरच्या पुढे जातो, आणि बॉडी चासीवरून उतरवून केलेल्या कामाला शेकडो तास लागतात. चाळीस हजारांतला मोठा वाटा त्या तासांचा असतो. डॉलरचे रुपये करून तो आकडा आपल्या गाडीला लावायचा, म्हणजे वर्ध्याच्या मिस्त्रीच्या हाताला ओहायोची मजुरी लावायची. तेवढी त्याला खरंच दिली असती तर मी एक शब्द बोलले नसते.

अमेरिकेतली एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. जुना ट्रक घेणारा आधी नंबर वाचतो: चासीचा, इंजिनच्या ब्लॉकवर ओतलेला, त्याशेजारची तारखेची खूण. एकमेकांशी जुळले तर पुढचं बोलणं. आपल्याकडे याहून सोपी गोष्ट आहे, पासिंगच्या वेळी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढतात ती छाप. आपण स्वतः जाऊन काढावी. आकडे एका रेषेत, सारख्या खोलीचे आहेत का? भोवतीचं लोखंड घासून गुळगुळीत केलंय का? शेजारून वेल्डिंगची शिवण गेली असेल तर चहा घ्यावा आणि निघावं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या-नव्या भागांतून अख्खी जीप उभी करतात, लोक हौसेने घेतातही. पण तिला १९६८ ची आरसी जोडली म्हणून ती १९६८ ची होत नाही. या एफसीचा नंबर एमएच-३२ आहे. ही मालिका १९८९ मध्ये नवा मोटार कायदा लागू झाल्यानंतरची. म्हणजे गाडीची नोंद नंतर झाली, लष्कराच्या डिस्पोजलमधून आली असेल नाहीतर दुसऱ्या राज्यातून. त्यात वावगं काही नाही, फक्त त्या नोंदीआधीच्या वर्षांचा कागद दाखवा.

मग पत्रा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारावरून फिरवलं की पुट्टी कुठे भरलीय ते कळतं. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने ट्रक खालून कुजतात, म्हणून इथले शौकीन कोरड्या ॲरिझोनाचा ट्रक शोधत फिरतात. त्या हिशेबाने आपला वर्धा-यवतमाळचा कोरडा उन्हाळा लोखंडाला चांगलाच म्हणायचा. रंग जातो, पत्रा राहतो. आपल्या गाड्या कुजतात त्या हौद्यात, युरियाची पोती वाहून वाहून. मी पुतण्याला हौद्याच्या खालून फोटो काढायला सांगितला. आला तो वरून, नव्याकोऱ्या चेकर प्लेटचा, त्यावर झेंडूचा हार. खालचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

इंजिनवर ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त भांडण झालं. या गाडीत मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन नाही, महिंद्राच्या जीपमधलं प्यूजो डिझेल आहे. पुण्यातला एक चुलतभाऊ म्हणाला, मग ही ओरिजिनल कसली? इथे मी त्याच्या विरुद्ध आहे. पेट्रोल परवडेना म्हणून विदर्भात कितीतरी जीपमध्ये डिझेल बसलं, आणि त्यामुळेच त्या भंगारात गेल्या नाहीत. तो बदल गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे, फक्त त्याची नोंद आरसीवर हवी. आणि विकणाऱ्याने जाहिरातीत 'फुल ओरिजिनल' लिहू नये. त्याने तसं लिहिलंय. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' नंबर मिळतो, वीस हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी, पण ती मूळ रूपात हवी आणि धंद्याला वापरता येत नाही. डिझेल टाकलेल्या मालवाहू गाडीला त्या नंबरची आशा दाखवून किंमत चढवणं मला गैर वाटतं.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पुतण्याने रंगकामाच्या आधीचा एक फोटो पाठवला. निळं दार, रंगाचे पोपडे, आणि त्यावर पेंटरच्या हाताने काढलेली अक्षरं: तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचं नाव, खाली गावाचं, 'क्ष'ची शेपटी दाराच्या कडीपर्यंत ओढलेली. आता तिथे आरशासारखा लाल रंग आहे. अमेरिकेत लोक नव्या रंगावर मुद्दाम गंज रंगवून घेतात, दारावर कधी अस्तित्वातच नसलेल्या फार्मचं नाव पुसट अक्षरांत काढून घेतात, आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजतात. हौद्यात वार्निश केलेल्या ओकच्या फळ्या, ज्यांवर कधी एक पोतं पडत नाही. या खोटेपणाला मी इथे हसते. पण ज्यांच्याकडे खरी अक्षरं होती त्यांनी ती सँडपेपरने घासून टाकली, आणि वर त्याचे पैसे मागताहेत. ते दार तसंच ठेवलं असतं तर माझ्या मते गाडीला लाखभर जास्त मिळाला असता.

"मग तूच घेऊन जा ना तिकडं," काका म्हणाले. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी अमेरिकेत आणता येते, खरं आहे. पण परदेशी पिकअपवर इथे १९६४ पासून २५ टक्के आयात कर आहे, वर जहाजाचं भाडं, आणि उजव्या हाताचं स्टिअरिंग. टोलेडोच्या गिऱ्हाइकाची आशा मालकाने सोडावी. त्याचं गिऱ्हाईक नागपूर-पुण्यातच आहे, आणि त्याच्यासाठी माझा आकडा सात, कागद सलग निघाले आणि हौद्याखालचा पत्रा शाबूत असला तर आठ.