भोक पडलं म्हणून नाणं मेलं का?

‘अभ्यासू’ या नावानं प्रतिक्रिया देणाऱ्या वाचकांस,

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो नाही. रागाच्या भरात लिहिलेलं नंतर निस्तरत बसावं लागतं, असं आमची आई म्हणायची. आता राग गेलाय. म्हणजे बराचसा गेलाय.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो. मागच्या लेखात मी भोकाच्या नाण्यांचा नाद का लागतो ते लिहिलं होतं. आपला १९४३ सालचा भोकाचा पैसा, जपानचं पाच येन, चीनची चौकोनी भोकाची नाणी आणि माणसांनी गळ्यात घालायला मुद्दाम भोक पाडलेले रुपये, असं सगळं त्यात होतं. त्यावर या अभ्यासूंचं म्हणणं थोडक्यात असं: फोटो धूसर आहेत, चिनी नाण्यांची माहिती वरवरची आहे, चिंच-मिठानं घासलेल्या रुपयाचं कौतुक करून मी नवशिक्यांना चुकीच्या वाटेला लावतोय, बनावट भोकं कशी ओळखायची हे लेखात कुठंच नाही. आणि शेवटी हे अमृतवाक्य: ‘भोक पाडलेलं नाणं हे जखमी नाणं असतं, खरा संग्राहक त्याला हात लावत नाही, हा छंद नसून भंगार गोळा करणं आहे, आधी थोडा अभ्यास करा.’

फोटोंचं मान्य. संध्याकाळी खिडकीपाशी धरून मोबाइलवर काढलेत, एकात माझा अंगठाच जास्त दिसतो. बदलतो.

आता शेवटच्या वाक्याकडे येऊ. मतभेद असू द्यात, त्याला माझी काही हरकत नाही. पण ‘आधी अभ्यास करा’ ही काय बोलायची रीत झाली? समोरचा माणूस वयानं केवढा, कुठल्या घरातला, किती वर्षं या नादात आहे, याची काही चौकशी? आमच्या पेठेत असं कुणी बोललं, तर चार माणसं आधी त्याला बसवतात, चहा पाजतात आणि मग विचारतात, ‘भावा, तू कुणाचा?’ तुम्ही तर स्वतःचं नावही लिहिलेलं नाही. ‘अभ्यासू’ ही पदवी दुसऱ्यांनी द्यायची असते, स्वतःच लावून घ्यायची नसते.

आणि ‘भंगार’ हा शब्द. तो माझ्यापुढं वापरलात म्हणून सांगतो. माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ मशीनवर होते. भंगार काय असतं ते मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. ते कामावरून आले की डबा धुवायचं काम आईचं आणि खिसे उलटे करायचं काम माझं. खिशात बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कीस, तुटका टूल-बिट (लेथचं कापायचं पातं) आणि वायसर (नटाखालच्या भोकाच्या चकत्या) सापडायचे. त्या वायसरांतच मला पहिला भोकाचा पैसा मिळाला. मापाचा वायसर मिळाला नाही की जुनी माणसं हा पैसा नटाखाली घालायची. कारखान्यात तो चलनातून गेल्यावरसुद्धा कामाला होता.

तो पैसा अजून माझ्याकडं आहे. भिंगाखाली धरला की भोक गोल राहिलेलं नाही हे दिसतं, बोल्टनं एका बाजूनं ते ओढून लांबट झालंय. वरचा मुकुट नटाखाली दबून सपाट झालाय, फक्त त्याच्या कडेचे दोन-तीन मणी शिल्लक आहेत. सालातलं १९४ वाचता येतं आणि पुढचा आकडा गेलाय. म्हणजे ४३ ते ४७ पैकी कुठलंही. तुमच्या हिशोबात याची किंमत शून्य. बाजारात शून्यच आहे, मला कुणी पाच रुपयेही देणार नाही. पण मी विकायला काढलाय कुठं? ‘जखमी’ म्हणताय, तर सांगतो: तालमीत पैलवानाचा मोडलेला कान बघून कोल्हापुरात त्याला जखमी कुणी म्हणत नाही.

आता मुद्दा. भोक म्हणजे नाण्याची खराबी, हे तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलंय की वाटावं, टांकसाळीत कुणाचा तरी हात घसरला. अहो, हा पैसा जन्माला आला तोच भोकासकट. दुसऱ्या महायुद्धात तांबं लढाईच्या कामाला लागत होतं आणि बाजारात सुट्ट्या पैशांची अशी बोंब होती की लोक चिल्लर दाबून बसले होते. त्याआधीचा कांशाचा पाव आणा, म्हणजे पैसाच, पावणेपाच ग्रॅमच्या थोडा वर भरायचा. किंमत तीच, रुपयाला चौसष्ट, पण १९४३ चा हा भोकाचा पैसा आकारानं लहान आणि मधून पोकळ, जेमतेम दोन ग्रॅमचा. निम्म्याहून जास्त धातू वाचला. राजाचं डोकंही त्यावर नाही, नुसता मुकुट. ठेवायला जागाच नव्हती. त्याच सुमारास हैदराबादच्या निजामानं भोकाची दोन पै काढली, कच्छ संस्थानानं भोकाचा ढबू (तिथलं एक नाणं) काढला. फाळणीनंतर १९४८ मध्ये पाकिस्ताननं पैसा काढला तोही भोकाचाच. एवढ्या सगळ्या सरकारांनी भंगार काढलं म्हणायचं का?

आणि ही काही लढाईपुरती युक्ती नव्हती. फ्रान्सनं १९१४ पासून भोकाची सेंटिम काढली, बेल्जियमनं त्याच्याही आधी. पूर्व आफ्रिकेच्या सेंटवर भोकाच्या दोन्ही अंगांनी हस्तिदंत वळवलेत. जपानचं पाच येन तर मी रोज खिशात ठेवतो. त्यावर भाताची लोंबी आहे, खाली पाणी आहे आणि भोकाच्या भोवतीनं दातेरी चाक आहे. शेती, मासेमारी, कारखाने, सगळं एवढ्याशा पितळेत, आणि चाकाच्या मधोमध आसाला जागा हवी तिथं ते भोक. ते काढून टाका आणि बघा काय उरतं. चित्रकारानं नाण्याला भोक पाडलेलं नाही, भोकाभोवती नाणं बसवलंय. १९४९ पासून जपानी लोक ते वापरतायत, त्यांना कुणी अभ्यास करायला सांगितलेलं नाही.

‘खरा संग्राहक हात लावत नाही’ म्हणता? सिडनीला जाऊन सांगा. तिकडच्या वसाहतीत चिल्लर टिकत नव्हती, आलेल्या जहाजांबरोबर ती बाहेर निघून जायची. मॅक्वारी नावाच्या गव्हर्नरानं चाळीस हजार स्पॅनिश डॉलर मागवले आणि १८१३ मध्ये प्रत्येकाच्या मधून एक टिकली पाडून घेतली. बाहेरचं कडं पाच शिलिंगांचं आणि आतली टिकली पंधरा पेन्सांची. एका नाण्याची दोन झाली आणि भोक पडलेलं नाणं बाहेर कुणी घेईना म्हणून ते वसाहतीतच राहिलं. हे काम त्यांनी कुणाकडून करून घेतलं? खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा होऊन तिकडं पाठवलेल्या एका कैद्याकडून. आज त्या कड्यांसाठी लिलावात झुंबड उडते. आता ते भंगार गोळा करणारे आणि तुम्ही तेवढे खरे संग्राहक, असं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

गंमत म्हणजे आमच्याच भोकाच्या पैशांत भोक मधोमध न पडता एका बाजूला सरकलेलं असलं, तर तुमच्यासारखेच लोक त्याला जास्त पैसे मोजतात. म्हणजे भोक चुकलं तर चालतं, असलं तर चालत नाही. वा!

हां, तुम्ही म्हणाल, टांकसाळीच्या भोकाबद्दल मी बोललोच नव्हतो, माणसांनी पाडलेल्या भोकाबद्दल बोललो होतो. तुमच्या वाक्यात ‘पाडलेलं’ आहे खरं. चला, त्यावरही बोलू, कारण तिथं तर मला जास्तच बोलायचंय.

आमच्या आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा रुपया होता. त्यावर व्हिक्टोरिया राणी. तिला राणीशी काही देणंघेणं नव्हतं, ‘बाई आहे’ एवढंच ती म्हणायची. भोक राणीच्या डोक्याच्या बरोबर वर. पुढून ठोकलेलं, म्हणून मागच्या बाजूला धातूचा ओठ आलेला, आणि तो ओठ इतकी वर्षं चोळीवर घासून गुळगुळीत झालेला. बोटानं चाचपलं तर कळतं. भोक खाली का नाही, बाजूला का नाही? गळ्यात घातल्यावर राणी सरळ उभी राहावी म्हणून. ज्यानं ते पाडलं त्यानं आधी नाणं नीट बघितलं होतं.

हे आजीपुरतं नाही. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी कित्येकांना अशीच भोकं आहेत, बहुतेक वेळा सम्राटाच्या डोक्याच्या वर, काहींना दोन-दोन. म्हणजे आजीच्या खूप आधी कुणीतरी परदेशातून आलेला पैसा घेतला, खर्च केला नाही, गळ्यात घातला. नाण्यावर राजाचं नाव असतं, सन असतो. ते कुणाकडं गेलं आणि त्यानं त्याचं काय केलं, हे सांगणारी एकच खूण नाण्यावर असते, आणि ती तुम्ही ‘जखम’ म्हणून यादीतून वगळताय.

कोल्हापूरकर असाल (तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतं) तर टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथं आहे, पोसायडनची. रोमशी आपल्या पंचगंगेच्या काठाचा व्यवहार होता याचा तो पुरावा. तसंच गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, जाऊन पुतळ्यांची माळ बघा. ती सोन्याची पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकाटची नक्कल. परदेशी नाणं गळ्यात आलं आणि मग आमचे सोनार तसलंच नाणं मुद्दाम घडवायला लागले, खर्च करायला नव्हे, ओवायला. तुम्ही ‘हे काम गुजरीतल्या हारवाल्यांनी करावं’ अशा अर्थाचं जे खोचक लिहिलंय ना, ते मला अपमान वाटण्याऐवजी बरंच वाटलं. गुजरीतल्या कारागिराच्या हाताला तुमच्या कॅटलॉगपेक्षा जास्त कळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर उद्या त्यावरूनही शिव्या खाईन. आज कुणी बाजारातलं नाणं घेऊन त्याला ड्रिल लावा, असं मी म्हणत नाही. चालू नाणं वितळवणं, नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे. मी जुन्या भोकांबद्दल बोलतोय, नवी पाडायला सांगत नाही.

चिनी नाण्यांची माहिती वरवरची? असेल. एका लेखात किती कोंबायचं? तरी ऐकाच. ती नाणी ठोकलेली नसतात, ओतलेली असतात. ओतल्यावर कडेला धातू वाढलेला असायचा, म्हणून ती चौकोनी गजावर ओवायची आणि सगळ्यांच्या कडा एकदमच कानशीनं घासायच्या. गोल गजावर ती फिरली असती, चौकोनीवर फिरत नाहीत. वडिलांना हे सांगितलं होतं, तेव्हा ते म्हणाले, ‘मग जॉब (घडवायचा तुकडा) पकडायची अक्कल त्यांना आपल्याआधी होती.’ भोक चौकोनी का, याचं एवढं चोख उत्तर मला कुठल्या जाडजूड ग्रंथात मिळालं नाही. वरवरचं वाटलं तर वाटू दे.

चिंचेचं म्हणाल, तर ते आजीनं घासलं होतं, मी नव्हे. मी त्याचं कौतुक केलं कारण ती माझी आजी होती. देव्हाऱ्यातली भांडी आणि गळ्यातला रुपया एकाच दिवशी उजळायचे, हे लिहिताना शेजारी ‘नाणेप्रेमींनी असे करू नये’ अशी पाटी लावायची राहिली खरी. पण कुणाच्या आजीच्या आठवणीतून साफसफाईची कृती शोधणारा वाचक असेल, हे मला सुचलं नव्हतं. यावर आणखी काही बोलणार नाही.

शेवटी, माझ्याकडं काय-काय आहे आणि त्याची आज बाजारात किंमत किती, असंही तुम्ही विचारलंय. लक्ष्मीपुरीच्या बाजारात जुनी कुलपं, अडकित्ते मांडून बसलेल्या माणसापुढं उकिडवं बसून, पोत्यावरच्या ढिगातून एक भोक हाताला लागावं आणि भिंग काढून ते टांकसाळीचं की माणसाचं हे बघत राहावं, यात जे आहे त्याला दर लागलेला नाही. तुमच्याकडं दरपत्रक असेल तर खुशाल तुमच्याजवळ ठेवा.

पुढच्या लेखात निजामाच्या दोन पैबद्दल लिहितोय. वाचायचं तर वाचा, प्रतिक्रिया द्यायची तर स्वतःच्या नावानं द्या. बनावट भोक कसं ओळखायचं हे तुम्ही दोनदा विचारलंय, ते सवडीनं बघू.

आपला,
ब्लॉगलेखक