दोन वाजता, खेजडीच्या डावीकडे

वाळवंटात पक्षी बघायला जाण्यातली मुख्य अडचण म्हणजे तिथले पक्षी वाळूच्याच रंगाचे असतात. चंडोल वाळूसारखा, धाविक वाळूसारखा, पखुर्डी ठिपकेवाल्या वाळूसारखी. रणगोजाचा नर तेवढा काळा-पांढरा, माणुसकी असलेला. त्याची मादी पुन्हा वाळूतच जमा.

जैसलमेरजवळचं डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं. एवढ्या पसाऱ्यात आमचे सर कुजबुजणार, "दोन वाजता, खेजडीच्या डावीकडे!" म्हणजे दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची. आता दोन कुठे हे कळायला आधी बारा कुठे ते ठरायला हवं. गटात प्रत्येकाचे बारा वेगळ्या दिशेला. माझे तर वाजलेच होते. शिवाय खेजड्या, म्हणजे शमीची झाडं, चार.

पाणवठ्यावर सरांनी पखुर्डीच्या नराची गोष्ट सांगितली. तो पोटाची पिसं पाण्यात भिजवतो, मैलोन्‌मैल उडत जातो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी चोखून पितात. ऐकून गहिवरून आलं. डोळे पुसून दुर्बीण लावेपर्यंत थवा गेलेला.

त्यापेक्षा झाडं बरी, उडत तरी नाहीत, म्हणून मी वनस्पतींकडे वळलो. केराच्या झुडपावर जवळजवळ पानंच नाहीत. पाण्याची उधळपट्टी नको म्हणून अन्न बनवायचं काम हिरव्या काड्याच करतात. पलीकडे झाडबोर. तिच्या काट्यांची जोडी असते, एक सरळ, एक आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो, म्हणून आपण हात मागे घेतो, आणि तेवढ्यात वाकडा बाही धरतो. बारीकसारीक निरीक्षणाची इतकी उत्तम सोय दुसरी नाही.

"सर, जरा सोडवता का?"

"थांबा, हलू नका. काटे छान दिसताहेत, फोटो घेतो."

ऊन चढल्यावर माळढोक दिसल्याची बोंब झाली. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. हा तरी सुटणार नाही असं वाटलं. माझी पाळी येईपर्यंत स्कोपमधलं, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतलं, सगळं क्षितिज तापून थरथरत होतं.

"तो उभा आहे तोच ना?"

"तो दगड. माळढोक त्याच्यामागे बसलाय."

परत निघताना सरांची नजर माझ्या मोज्यांवर गेली आणि चेहरा उजळला. "भुरट!" त्या गवताची काटेरी बोंडं घोट्यापर्यंत चिकटलेली. बी जनावरांच्या अंगावरून कसं पसरतं ते प्रत्यक्ष बघा, म्हणत त्यांनी अख्ख्या गटाला माझ्या पायांभोवती उकिडवं बसवलं. सकाळपासून प्रथमच सगळ्यांना एकच गोष्ट, एकाच वेळी, दुर्बिणीशिवाय दिसत होती.

"हलू नका हं," मागून कुणीतरी म्हणालं, "डावा मोजा राहिलाय."