आधी भोकं बुजवा, मग शीट चिकटवा

आवाज कमी करायला जुन्या पिकअपच्या केबिनला आतून सगळीकडे डॅम्पिंग शीट (पत्र्याला चिकटवायची जड शीट) मारा, असं एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. ही ब्युटाइल रबराची शीट फक्त पत्र्याची थरथर मारते, बाहेरचा आवाज अडवणं हे तिचं कामच नव्हे. दरवाजाच्या मधल्या सपाट पत्र्यावर बोटाने टकटक करा, रिकाम्या डब्यासारखा वाजला तर तिथे लावा. पाव ते निम्मा पत्रा झाकला तरी पुरतं, बाकी नुसता खर्च.

आवाज खरा येतो तो भोकांतून. वायरिंग आणि क्लचची केबल इंजिनाकडच्या पत्र्यातून आत येते, तिथले रबरी ग्रोमेट (भोकात बसवलेल्या रबरी कड्या) वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेले असतात. रात्री केबिनमध्ये अंधार करून बसा, पोराला बॉनेटखालून टॉर्च मारायला सांगा. उजेड दिसेल तिथून आवाजही येतो आणि गरम हवाही. गिअरच्या दांड्याचं रबरी बूटही बघा, फाटलेलं असतंच. दरवाजाच्या बीडिंगमध्ये (कडेच्या रबरी पट्टीत) दहाची नोट धरून दार लावा, सहज ओढली गेली तर बीडिंग बदला.

छताला मात्र बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम हवाच, एप्रिल-मेमध्ये फरक कळतो. स्वस्तातली डांबरी शीट छताला नको, उन्हात वास मारते आणि सुटून खाली येते. आणि मॅटखाली नमदा किंवा साधा स्पंज घालू नका हो! कोकणातल्या पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि मॅटखालचा फ्लोअरचा पत्रा सडतो. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं तेवढी उघडीच ठेवा, ती बुजवायची नाहीत.