पाणी उकळले की नियमांची गरज उरत नाही, हा दावा का टिकत नाही

गेल्या काही महिन्यांपासून गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा: पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांच्या मर्यादा सुधारून त्या बंधनकारक करण्याची मागणी हा फिल्टर विकणाऱ्यांचा डाव आहे, आपले आजोबा-पणजोबा याच विहिरींचे पाणी पिऊन नव्वदीपर्यंत जगले, पाणी नितळ असेल, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, कमी असेल आणि ते उकळून घेतले तर कोणताही धोका उरत नाही, गावाला स्वच्छता सर्वेक्षणाचे हिरवे कार्ड मिळाले म्हणजे शासनानेच पाण्याची हमी दिली, आणि मर्यादांचे आकडे मुळात हवेतलेच आहेत, कारण नायट्रेटची मर्यादा अमेरिकेत १० आहे तर भारतात ४५. हा संदेश मला पाठवणाऱ्यांत नातेवाईक आहेत, स्नेही आहेत, दोन शिक्षकही आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाचाही हेतू वाईट नाही. परंतु ज्या घरात तान्हे बाळ आहे, त्या घरात या संदेशावर विसंबून राहणे घातक ठरू शकते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

उकळण्याचा मुद्दा सर्वांत आधी घेतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. उकळल्याने जंतू मरतात. पावसाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ असताना पाणी उकळून पिण्याचा सल्ला योग्यच आहे. पण नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक हे जंतू नाहीत, ते पाण्यात विरघळलेले क्षार आहेत. मीठ घातलेले पाणी आटवले तर ते अधिक खारट होते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. इथेही तेच घडते. लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाच लिटर पाणी उकळून चार लिटर उरले, तर त्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ७५ मिलिग्रॅम होते. आई बाळाच्या काळजीपोटी पाणी अधिक वेळ उकळते आणि त्या काळजीनेच बाळाच्या बाटलीत नायट्रेट वाढते. सहा महिन्यांखालील बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते आणि ओठ, नखे निळसर पडतात. वरचे दूध पिणाऱ्या बाळांना हा धोका अधिक असतो, कारण ते दूध पाण्यात कालवलेले असते.

येथूनच आकड्यांच्या आरोपाचे उत्तर मिळते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधामुळे निळी पडलेली बाळे पाहून हा संबंध प्रथम मांडला. त्यानंतर अशा रुग्णांच्या घरच्या विहिरींचे पाणी मोजले गेले आणि ज्या पातळीखाली रुग्ण आढळले नाहीत, तेथे मर्यादा ठरवली गेली. अमेरिकेचा १० हा आकडा नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनचा आहे, तर आपला ४५ हा पूर्ण नायट्रेटचा. नायट्रेटचा रेणुभार ६२ आणि त्यातील नायट्रोजनचा भार १४, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन हे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट झाले. दोन्ही देशांची मर्यादा एकच आहे, फक्त मोजण्याचे एकक निराळे आहे.

टीडीएसविषयीचा गैरसमज तर सुशिक्षित घरांतही खोलवर रुजला आहे. खिशातले टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देते. कोणता क्षार किती, हे ते सांगू शकत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक असले तरी पूर्णांक दाखवणाऱ्या त्या मीटरवरचा आकडा जागचा हलणार नाही. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत सवलत आहे. कमी टीडीएसच्या मऊ, गोड लागणाऱ्या पाण्यातही ते याच्या दुप्पट असू शकते. पाणी गोड लागते म्हणून लोक तोच हातपंप निवडतात.

पूर्वजांचा दाखला भावनिक आहे, पण पाणी तेच राहिलेले नाही. पूर्वजांचे पाणी आडाचे किंवा उथळ विहिरीचे होते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी झपाट्याने वाढल्या, आणि खोल खडकात दीर्घकाळ साठलेल्या पाण्यात, जेथे खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे आहेत तेथे, फ्लोराइड अधिक उतरते. शेतात युरियाच्या गोण्या आल्या, वस्तीत शोषखड्डे आले, आणि नायट्रेट वाढले. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातील ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपलीकडे आढळले, आणि सर्वाधिक बाधित म्हणून दिलेल्या देशातील १५ जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे आपले सात जिल्हे आहेत. शिवाय पूर्वी सारे आलबेल होते, हेही खरे नाही. तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडने हाडे ताठरलेल्या माणसांची नोंद १९३७ मधली आहे. अशा म्हाताऱ्यांच्या दुखण्याला घरचे लोक ‘वात’ म्हणत आणि सोडून देत.

हिरव्या कार्डाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हे कार्ड काय सांगते हे अनेक सरपंचांनाही नीट ठाऊक नसते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. स्रोताभोवती घाण आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, व्हॉल्व्हचे खड्डे तुंबले आहेत का, पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल पावडरचा साठा आहे का आणि ती नियमित वापरली जाते का, हे त्यात पाहतात. साथरोग टाळण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे आणि गावात पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकांच्या कामाबद्दल मला आदर आहे. परंतु पाण्यातील नायट्रेटविषयी हे कार्ड काहीही सांगत नाही. रासायनिक तपासणी वेगळी असते आणि तिचा अहवालही वेगळा असतो. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती वर्षातून एकदा व्हायला हवी.

आता मूळ आरोपाकडे, म्हणजे नियम बदलण्याची मागणी हा व्यापाऱ्यांचा डाव असल्याच्या दाव्याकडे. या मर्यादा ज्यात दिल्या आहेत, ते आयएस १०५०० हे भारतीय मानक नळाच्या पाण्यासाठी ऐच्छिक आहे. बाटलीबंद पाणी अन्नसुरक्षा कायद्याखाली येते, नळाचे येत नाही. म्हणजे विकतच्या पाण्यामागे कायदा उभा आहे आणि ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याच्या पाण्यामागे केवळ शिफारस आहे. ज्या गावात पुरवठा करणाऱ्यावर बंधन नसते, तेथेच घरोघरी आरओ बसतात आणि वीस लिटरचे जार विकले जातात. पाणीपुरवठा हा राज्यसूचीतील विषय असल्याने राज्याला स्वतःच्या नियमाने या मर्यादा बंधनकारक करता येतात, आणि तसे झाले तर फिल्टरचा धंदा कमीच होईल.

मर्यादा वारंवार बदलणे ही धरसोड आहे, असेही संदेशात सुचवले आहे. शिशाची मर्यादा १९९१ च्या मानकात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, २०१२ मध्ये ती ०.०१ झाली, कारण मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम आधी समजला होता त्यापेक्षा कमी प्रमाणातही होतो हे स्पष्ट झाले. युरेनियमची मर्यादा तर २०१२ च्या मूळ मानकात नव्हतीच, ती नंतरच्या दुरुस्तीने आली. कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये षट्संयुजी क्रोमियमसाठी (क्रोमियम धातूचे विषारी रूप) लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा लागू केली. खर्च परवडेल का याचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द ठरवली. राज्याने खर्चाचा हिशेब नव्याने मांडून २०२४ मध्ये तीच मर्यादा पुन्हा आणली आणि मोठ्या योजनांना दोन वर्षे, तर सर्वांत लहान योजनांना चार वर्षे मुदत दिली. लहान ग्रामपंचायतींची खर्चाची चिंता मला खरी वाटते, आणि आपल्या नियमांतही अशी टप्प्यांची मुदत असली पाहिजे.

मात्र प्रत्येक वेळी महागडे यंत्रच लागते असे नाही, कधी पाण्याचा स्रोत बदलणेही पुरते. गेल्या उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातील एका गावात मी नायट्रेटच्या तपासणीच्या वेळी उपस्थित होतो. सार्वजनिक विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर उकिरडा होता, त्याला लागून गोठा. फील्ड टेस्ट किटच्या बाटलीत पूड टाकून हलवली, आणि काही मिनिटांत पाणी रंगपट्टीवरच्या शेवटच्या, गडद गुलाबी चौकोनाशी जुळले. तपासणी करणाऱ्या ताईंनी बाटली उन्हाकडे धरून दोनदा पाहिली आणि वहीत आकडा लिहिला. मग ओढ्यापलीकडच्या, शेतात एकट्या असलेल्या विहिरीचा नमुना घेतला. तो इतका फिका निघाला की रंग आला आहे की नाही हे पाहण्यासाठी बाटलीमागे पांढरा कागद धरावा लागला.