“जादूच्या नावाखाली फसवणूक” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. संध्याकाळ वाया गेली असं तुम्हाला वाटलं याचं वाईट वाटतं. आमच्या भूमिका-खेळाचं (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची) सेशन उशिरा सुरू झालं, त्याबद्दलही क्षमस्व. खुर्च्यांचं म्हणणं मान्य, त्या बदलायच्या आहेतच.

पण ‘फसवणूक’ हे मात्र लागलं. तलवारी आणि जादूचा खेळ सांगून ऐनवेळी अंतराळयानाची भेसळ केली, तुमचं पात्र असलेल्या जादूगाराच्या हाती बंदूक दिली आणि ती बंदूक आहे हे लपवून त्याला मारलं, असं तुम्ही लिहिलं आहे.

आम्ही ‘बंदूक’ म्हटलं नाही, हे खरं. म्हणणार कसं? तुमचा जादूगार ज्या जगात वाढला, तिथे ती कुणी पाहिलेलीच नाही. त्याला दिसलं तेवढंच सांगितलं: हातभर लांबीचा काळा दांडा, एका टोकाला काचेचा खडा, मधे बोट बसेल असा खळगा. कुठलं टोक कुणीकडे धरलंय, असं गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याने, विचारलं. फोनमधून मान वर न करता तुम्ही म्हणालात, “खडा माझ्याकडे, आत काय आहे बघतो.” त्याने “नक्की?” असंही विचारलं. गेम मास्टरने “नक्की?” म्हटलं की मुरलेला खेळाडू हात आवरतो. तुम्ही खळगा दाबलात. पुढचे फासे सगळ्यांच्या देखत पडले, पडद्याआड नाही.

ही पद्धत काही आम्ही शोधलेली नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळासाठीचं ‘एक्सपिडिशन टू द बॅरियर पीक्स’ हे तयार साहस १९८० साली छापून आलं, पण त्याआधी १९७६ मध्येच ते स्पर्धेत खेळलं गेलं होतं. त्यातही डोंगरात कोसळलेलं यान आहे आणि आत शिरणारे तलवारबाज आहेत. अनोळखी यंत्र हाती लागलं की ते कसं चालतं हे तक्त्यावर फासे टाकत उलगडायचं, आणि गफलत झाली तर इजा होते. वस्तूचं नाव न घेता ती खेळाडूंना दाखवता यावी म्हणून सोबत चित्रांची वेगळी पुस्तिकाच आहे.

आणि ‘भेसळ’ म्हणाल, तर टेकुमेल हे काल्पनिक जग १९७५ सालीच भूमिका-खेळ म्हणून छापून आलं. त्या ग्रहावर माणसं यानातून आली, मग ताऱ्यांशी संबंध तुटला, आणि जुनी यंत्रं आता तिथे जादूच्या वस्तू म्हणून वापरली जातात. १९८९ च्या ‘शॅडोरन’ या खेळात उलटं आहे, भविष्यातल्या शहरांत जादू परत येते. तिथे तुमच्या जादूगाराला यंत्राचा हात बसवला असता, तर त्याची जादूच घटली असती. त्या मानाने आम्ही सौम्य वागलो!

सेशनच्या माहितीत “आकाशातून पडलेलं लोखंडी शिखर” असं आम्ही लिहिलं होतं. शिखर म्हणजे यान, हे आधीच सांगून टाकलं तर खेळायला उरतं काय?

हे सगळं आम्ही दोघंच चालवतो. तुमचा अभिप्राय सगळ्यात वर दिसतो आणि तो वाचून लोक बुकिंग रद्द करतात. म्हणून एवढं लांबण लावलं, राग नसावा.

यापुढे माहितीत “यात विज्ञानकथेचाही भाग आहे” अशी ओळ टाकू. म्हणजे टाकायचा विचार आहे, रहस्य न फुटता ती कशी बसवायची ते बघतोय. वेळेचंही बघू.

तुमचं कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) जपून ठेवलंय. बाकीच्यांनी जादूगाराला उचलून यानातल्या एका वैद्यकीय यंत्रापर्यंत नेलंय, पण ते चालू कसं करायचं हे अजून कुणाला उमगलेलं नाही. यायचं असेल तर पुढच्या सेशनला जागा ठेवतो, फोन मात्र बॅगेत. तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. ‘फसवणूक’ तेवढं काढावं, ही विनंती.