‘सहा महिन्यांपर्यंत पिल्लाला शिकवू नका’: हा मेसेज पुढे पाठवू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सांगणं असं: कुत्र्याचं पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत शिकवू नका, लसी पूर्ण होईस्तोवर दाराबाहेर काढू नका, घरात घाण केली तर नाक त्यातच घासा, आणि खाऊ देऊन शिकवू नका, लाचावतं.

सहा महिने थांबणं सगळ्यात महागात पडतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं, ते त्याला नेहमीचं वाटू लागतं. पुढे नवीन गोष्टीची आधी भीतीच वाटते. आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं, तर तुमच्या हातात सहाच आठवडे उरतात.

लसीचा मुद्दा निम्मा खरा आहे. पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. पावसाळ्यात डबक्यांतून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) भीती असते. म्हणून सोळाव्या आठवड्याच्या आसपासचा शेवटचा डोस होईपर्यंत, शिवाय त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, त्याला रस्त्यावर किंवा बागेत खाली सोडू नका. पण कडेवर घेऊन लिफ्टमधून फिरवा, संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा वाशी स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभे राहा. हेल्मेटवाले, छत्र्या, रिक्षा, हॉर्न सगळं दिसू-ऐकू द्या. खाऊ घेईनासं झालं किंवा शेपूट आत घातलं, की गर्दीपासून लांब जा.

नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन-तीन तास धरू शकतं. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला ठरलेल्या जागी न्या. लसी होईपर्यंत बाहेर खाली सोडायचं नाही, शिवाय चौदाव्या मजल्यावरून खाली पोचेपर्यंत उशीर होतो, तेव्हा सुरुवातीला बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये ट्रे ठेवा. शू संपताक्षणी तिथेच खाऊ द्या. इथे बरेच जण चुकतात: हॉलमध्ये परतून खाऊ देतात, आणि पिल्लाला वाटतं बक्षीस हॉलमध्ये आल्याचं आहे. चुकून घरात झालंच, तर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनेलने वास आपल्यापुरता जातो, त्याला येतच राहतो.

राहिला खाऊ. आधी दाखवून मग काम करून घेतलं तर ती लाच. काम झाल्यावर दिलं तर मेहनताना. फक्त सुरुवातीला, खूण कळेपर्यंत, तो दाखवावा लागतो: बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर जाते, बूड आपोआप टेकतं. टेकलं की लगेच द्या. पाच-सहा वेळा झालं की हात रिकामा ठेवून तीच खूण करा, तुकडा दुसऱ्या हातातून द्या. मग खुणेच्या आधी ‘बस’ म्हणायला लागा. आजी ‘बस’, बाबा ‘सिट’, मुलं ‘खाली बस ना’ म्हणाली तर ते गोंधळतं. घरात एकच शब्द ठरवा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. हे तुकडे दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं वाटीतून कमी करा.